न मोजलेला उशीर

खुशबू टेंभुर्णेला लहानपणी कोणी काही विचारलं की उत्तर मिळायला वेळ लागायचा. आईने स्वयंपाकघरातून "वरणात मीठ बरोबर हाय का वं?" असं विचारलं की बाकीची पोरं न चाखताच "हो" म्हणून मोकळी व्हायची. ही वाटी जवळ ओढायची, एक घोट घ्यायची, जरा थांबायची आणि मग सांगायची. ताट अजून आलेलं नसलं तर सरळ म्हणायची, "माहीत नाही." आई वैतागायची. या पोरीला साधं हो म्हणता येत नाही, हिचं सासरी कसं व्हायचं, हे तेव्हापासूनचं आईचं पालुपद. वडील रेल्वेत होते. भिलाई-तीन नावाच्या वस्तीजवळच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांना मात्र पोरीचा हा स्वभाव आवडायचा. "न पाहता हो म्हणणारे लय पडले हायेत दुनियेत," ते म्हणायचे, "हिले राहू दे अशीच."

ही ती खुशबू. तिच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर कदाचित सांगायलाही बसलो नसतो.

टेंभुर्णे मूळचे भंडाऱ्याकडचे. आजा भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहताना इकडे आला आणि इथलाच झाला. खुशबू इंजिनियरिंग रायपूरला शिकली. बरोबरीच्या मुली बंगलोरला गेल्या, पुण्याला गेल्या. हिलाही बोलावणं होतं, पण त्याच वर्षी वडील गेले, आणि आईला एकटं टाकून जायचं तिच्या मनाला पटेना. ती भिलाईतच, जुनवानीला, कमलेश कटरेकडे कामाला लागली. एका दुमजली घराचा वरचा मजला, चार टेबलं, सोल्डरिंगचा वास, आणि गॅलरीत ठेवलेला माठ, एवढी ती कंपनी. लोक विचारत, एवढी शिकलेली पोरगी इथे काय करते. ती म्हणे, काम करते.

कमलेशचा धंदा असा की आजूबाजूच्या लहान रोलिंग मिलमधल्या जुन्या क्रेनांना नवीन डोकं बसवून द्यायचं. क्रेनच्या केबिनमध्ये एक लोखंडी डबा, त्यात छोटा कंप्युटर. ऑपरेटरने लिव्हर ओढला की इशारा डब्यात जातो आणि डबा मोटरला सांगतो, चल नाहीतर थांब. मिलवाल्यांची एक अट होती, नोंद झाल्याशिवाय काही हलायचं नाही. म्हणून डबा इशारा आला की आधी मेमरी कार्डावर लिहायचा आणि मग मोटरला हुकूम द्यायचा. धोक्याचं लाल बटन तेवढं वेगळ्या तारेने थेट ब्रेकला जोडलेलं होतं.

आता थोडं डब्याच्या पोटात डोकवायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. अशा कंप्युटरमध्ये एक गाभा असतो, त्याला हे लोक कर्नेल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या जिवावर चालतात. त्यातल्या पुष्कळ सोयी ऐच्छिक असतात. हव्या त्या ठेवायच्या, नको त्या बंद करून कर्नेल नव्याने बांधायचा. मिलमधली लाईट सारखी जाते-येते, आणि आली की क्रेन लगेच उठली पाहिजे. म्हणून खुशबूने कर्नेल छाटून छाटून हलका केला होता. कार्डावरच्या लिहिण्यावर नजर ठेवायची सोय त्या छाटणीतच गेली. तेव्हा तिची कोणाला गरज नव्हती.

गरज पुढे पडली. क्रेन कधीकधी उशिरा थांबते, अशी तक्रार दोन-तीन मिलमधून आली. उशीर नेमका कुठे होतो ते पाहायला एक फुकट मिळणारं साधन आहे, ट्रेसर. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. ते कर्नेलमध्ये ठिकठिकाणी जाऊन बसतं आणि सांगतं, इतका वेळ प्रोसेसरने घेतला, इतका कार्डाने. खुशबूने ते डब्यात चढवलं, तर ते सुरूच होईना. कार्डावर नजर ठेवायची जागा त्याला सापडत नव्हती, आणि तेवढ्यासाठी ते बाकीचंही काम टाकून बंद पडत होतं. पंगतीतला एक पाहुणा आला नाही म्हणून चूलच पेटवायची नाही, तसला तो हट्टीपणा. खुशबूला राग आला. तिने ट्रेसरचा कोड उघडला आणि त्याला शिकवलं की जागा सापडली नाही तर ती सोडून पुढे चल.

ट्रेसर चालू झाला. सगळे रकाने भरून येऊ लागले. कार्डाच्या रकान्यात काही येणारच नव्हतं, पण रकाना रिकामा ठेवला की खालची बेरीज अडायची. शिवाय कमलेश म्हणाला, "खाना रिकामा नको ठेवू, मिलवाले घबराते हैं." या धंद्यात नवीन रकाना मांडला की त्यात सुरुवातीला शून्य ठेवायची सवय असते, श्वास घेतल्यासारखी. खुशबूने ते शून्य तसंच राहू दिलं. नंतर नीट करू, असं तिने मनाशी म्हटलंही होतं. दुसऱ्या दिवशी दुसरं काम आलं.

मिलवाल्यांच्या मागणीवरून कमलेशने अजून एक रकाना जोडला होता. खालून थांबायची खूण झाल्यापासून क्रेन थांबेपर्यंत एकूण किती वेळ गेला ते शेडमधल्या कॅमेऱ्यावरून कळायचं. त्यातून यंत्राचा वेळ वजा केला की जे उरेल ते ऑपरेटरच्या नावावर. कागदावर हिशेब अगदी चोख दिसायचा. मिलवाले खूश झाले, कमलेशने पेढे आणले, आणि खुशबूची पाठ थोपटली गेली. जे मोजलंच नाही ते कोणाच्या पदरात पडतं, हे त्या दिवशी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. खुशबूच्याही नाही.

देवीदास काकाजी खुशबूच्याच वस्तीत राहतात. वडिलांचे दोस्त. एका मिलमध्ये क्रेन चालवण्यात त्यांचे केस पिकले. विहारात रविवारच्या वंदनेला सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरणारा माणूस. हिवाळ्यात कधीतरी ते यायचे बंद झाले. खुशबूच्या हे लक्षात आलं होतं, पण तब्येत बरी नसेल असं तिला वाटलं. एका मिलमध्ये क्रेनखाली अपघात झाला, एका माणसाचा पाय गेला, कमलेशने तिथला रिपोर्ट काढून दिला, हेही तिच्या कानावर होतं. क्रेनवर कोण होतं ते तिने विचारलं नव्हतं. आपल्यापैकी किती जण विचारतात?

एका रविवारी वंदना संपल्यावर देवीदासची बायको पंचफुला तिच्याजवळ येऊन बसली. बाया चपला घालून आपापल्या घरी निघाल्या होत्या.

"खुशबू, तुले ते कंप्युटरचं समजते ना," पंचफुला म्हणाली. "एक गोष्ट विचारू?"

"विचारा ना काकू."

"कंप्युटर खोटं बोलते का वं कधी?"

खुशबूने नेहमीप्रमाणे लगेच उत्तर दिलं नाही. "कावून, काय झालं?"

मग पंचफुलाने सगळं सांगितलं. पाय गेला तो शालिकरामचा. शालिकराम खाली उभा राहून क्रेनला लोड, म्हणजे उचलायचा माल, बांधायचा, हाताने खुणा करायचा, आणि त्या खुणांवर देवीदास वर क्रेन चालवायचा. वर्षानुवर्षांची जोडी. त्या दिवशी शालिकरामने थांबायची खूण केली, पण क्रेन थांबली नाही. लोड सरकत आला आणि तो भिंतीशी सापडला. देवीदासने लाल बटनावर हात मारला तेव्हा कुठे थांबली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"पयले तर म्हणत होते, म्या येळेवर ओढला लिव्हर," पंचफुला सांगत होती. "मंग साहेबलोकांनी बसवून समजावलं. मशीनमंधी सगळं लिहून राहते म्हणले. मशीनचा उशीर काही नाही, कार्ड का काय त्याच्यापुढं शून्य हाय शून्य. जो उशीर झाला तो तुमच्या हाताचा. क्रेनवरून उतरवलं, गेटवर बसवलं. त्याचं मले काही नाही वं. पण आता हे सोताच म्हणतेत, माहा हात उशिरा उठला, मलेच आठवते आता. जेवता जेवता हाताकडे पाहत बसतेत. रातभर झोप नाही."

खुशबू शून्य या शब्दापाशी अडली. खरं मोजलेलं काही नेमकं शून्य येत नसतं. थोडं तरी येतंच, नावापुरतं का होईना. ते शून्य कुठून आलं हे या सगळ्या शहरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस विहाराच्या पायरीवर पंचफुलाचा हात धरून बसला होता.

"काकू, मी पाहून सांगतो," एवढंच ती बोलली. गडबडीत आपण मुलीसारखं नाही, बापासारखं बोललो, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात तसलाच एक डबा घेतला. कर्नेलमध्ये कार्डावर नजर ठेवायची सोय पुन्हा सुरू केली, मिलमधून बदलून आलेलं एक झिजलेलं कार्ड बसवलं, आणि लिव्हरचे इशारे देत बसली. बहुतेक वेळा कार्ड पापणी लवायच्या आत लिहून मोकळं होई. पण अधूनमधून ते आपला पसारा आवरायला बसे, आणि तेवढा वेळ लिव्हरचा इशारा बाहेर ताटकळत उभा राही. एकदा तर इतका, की खुशबू खुर्चीतून उठली. अशा वेळी क्रेन पुढे जातच राहिली असती.

त्या दिवशी असंच झालं होतं का? ते आता कळणार नव्हतं. तो दिवस कोणी मोजलाच नव्हता. त्या क्रेनचं कार्डही पुढे बदलून टाकलं गेलं होतं. अपराधीपण म्हणजे काय ते तिला तेव्हा समजलं.

ती दुरुस्तीला लागली. या वेळी तिने घाई केली नाही. ट्रेसर सुरू होताना आधी कर्नेलला विचारेल, तुझ्याकडे काय आहे आणि काय नाही. जे नसेल तेवढंच सोडून बाकीचं मोजेल. पण सोडलेल्या जागी आकडा येणार नाही, तिथे शब्दांत येईल, "मोजलं नाही." आणि एकही जागा मोजायची राहिली असेल तर बेरीज होणार नाही, ऑपरेटरचा रकाना उघडणारच नाही. मग तिने एकेक सोय बंद केलेले वेगवेगळे कर्नेल बांधले आणि प्रत्येकावर ट्रेसर चालवून पाहिला. कुठे तो पूर्वीसारखा रुसून बंद पडला, कुठे अर्ध्यातून शून्य दाखवू लागला. ते सगळं ती निस्तरत गेली. आई म्हणाली, जेवायला ये. ती गेली नाही.

ती दुरुस्ती तिने मूळ ट्रेसर लिहिणाऱ्यांनाही पाठवली. दूरदेशीच्या कोणा अनोळखी माणसाने एकच प्रश्न विचारला, बेरीज का बंद केलीस, अपुरी बेरीज तरी लोकांना दिसू दे. खुशबूने लिहिलं, अपुऱ्या बेरजेत जे कमी पडतं ते लोक माणसाच्या नावावर टाकतात. दुरुस्ती घेतली गेली.

कमलेशला सांगणं राहिलं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. गोंदियाकडून आलेल्या शेतकऱ्याचा नातू, चार पोरांचे पगार वेळेवर काढतो, आणि तोंडात शिवी नाही. "खुशबू, तू बरोबर आहेस," तो म्हणाला, "पर जरा सोच. हे मिलमंधी सांगितलं तर सगळे डबे उतरवून देतीन. बाकीचे मिलवाले भी. देवीदासजींसाठी मी बोलतो ना मॅनेजरशी, दुसरा कोई रास्ता निकालते हैं. गेटवरून हटवायला लावतो."

"मी कोनाले वाचवून नाही राहिली भैया," खुशबू म्हणाली. "मी माहं शून्य वापस घेऊन राहिली."

"वापस घेऊन काय होईन? उशीर मशीनचा होता हे तरी तुले दाखवता येते का?"

"नाही."

"मंग?"

"हाताचा होता हेही दाखवता येत नाही. पण आपण ते दाखवलं, भैया. आपल्या कागदावर दाखवलं."

कमलेश उठला, गॅलरीत जाऊन माठातलं पाणी प्यायला, आणि आत येऊन म्हणाला, "चल. मी भी येतो. अकेली कावून जातेस."

देवीदासच्या मिलच्या सेफ्टी ऑफिसरने दोघांना बसायला सांगितलं. खुशबूने साध्या शब्दांत सांगितलं की तुमच्या रिपोर्टात कार्डासमोर जे शून्य आहे ते मोजलेलं नाही, ते मी ठेवलेलं आहे, आणि त्याच्यावर केलेली वजाबाकी खोटी आहे. ऑफिसर हिंदीत म्हणाले, तो फिर गलती किसकी थी? खुशबू म्हणाली, मालूम नहीं सर. ते चिडले. मालूम नहीं कोई जवाब है? खुशबूने मान खाली घातली नाही. जितना देखा ही नहीं, उतना मालूम नहीं, ती म्हणाली. ऑफिसरांनी कमलेशकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण तो म्हणाला, लडकी सही बोल रही है सर.

त्यांनी तो रिपोर्ट बाजूला काढला. लिव्हर थेट मोटरला जोडून डबे मधल्या वाटेतून काढायचं ठरलं. देवीदासच्या बाबतीत पुन्हा बघू, असं म्हणाले. बघू म्हणजे काय ते ऑफिसात बसणाऱ्यांना ठाऊक. परतीच्या वाटेवर जुनवानीच्या वळणावर तिला गाडीतून उतरवताना कमलेश म्हणाला, "उद्या जल्दी ये. काम शोधावं लागन आता."

ती त्याच संध्याकाळी देवीदासकडे गेली. उन्हं अजून अंगणात होती. काकाजी खुर्ची टाकून बसले होते. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. खुशबूने जयभीम केला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसली असती तर बोलता आलं नसतं. ते शून्य माझं आहे, हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं.

देवीदास रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "तू लेकरू हायेस," ते म्हणाले, "तुहा काय हेतू होता का? बस खाली." आणि मग, "म्हणजे उशीर मशीनचा होता?"

"माहीत नाही काकाजी. खरंच माहीत नाही. त्या टायमाले मशीन पाहतच नव्हती."

"पण मले आठवते ना, माहा हात..." ते थांबले. उजवा हात त्यांनी मांडीवरून उचलला आणि पुन्हा ठेवला. "पयले काय आठवत होतं, ते आता आठवतच नाही बाई. साहेबांनी इतक्या वेळा सांगतलं, का तेच दिसते डोळ्यापुढं."

दारात उभी असलेली पंचफुला पदर तोंडाला लावून रडू लागली.

"शालिकची माफी मागून आलो म्या," देवीदास म्हणाले. "दवाखान्यात. पाय नव्हता ना, तिथं चादर सपाट होती, तिथं डोकं टेकवलं. म्हणलं, माह्या हातानं झालं. त्यानं माफ केलं. आता मी त्याले जाऊन काय सांगू? का ते माहीत नाही म्हणून?"

"हो," खुशबू म्हणाली. "मी येते संग."

शालिकराम भिलाईतच, कोहक्याला राहतो. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं गेले. त्याच्या बायकोने, सिंधुताईने, दार उघडलं. देवीदासला पाहून ती क्षणभर थबकली, मग आत या म्हणाली आणि पाणी आणायला गेली. शालिकराम खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. आडदांड माणूस, आता खांदे उतरलेले. देवीदास दाराजवळच्या स्टुलावर बसले. डोळे वर करवेनात त्यांना.

खुशबूने तेच सगळं चौथ्यांदा सांगितलं. डबा कसा, कार्ड कसं, शून्य कोणाचं, आणि आज कोणालाही नक्की सांगता येणार नाही की उशीर कशाचा होता. ऐकताना शालिकरामच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलत गेलं. तिचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे मशीननं पाह्यलंच नव्हतं?"

"नाही काकाजी."

"म्या पाह्यलं होतं," शालिकराम म्हणाला.

देवीदासांनी मान वर केली.

"खाली उभा राहणारा माणूस लोडाकडं नाही पाहत, पोरी. वरच्याच्या हाताकडं पाहते. त्या आवाजात दुसरं काय करन? खूण केली का त्याचा हात हालला का नाही, तेच पाहा लागते. जिंदगीभर त्याचा हातच पाह्यला म्या." तो देवीदासकडे वळला. "म्या मूठ वर केली अन् तुहा हात मागं आला. तवाच्या तवा आला. म्हणून तर मी हाललो नाही जागचा. हात आला, आता थांबते म्हणलं. अन् लोड येतच राह्यला."

देवीदास पुढे झुकले. "मंग सांगतलं कावून नाही गा, शालिक?"

"सांगतलं होतं. दवाखान्यात साहेबलोक आले, त्याईले सांगतलं. ते म्हणले, दवाईचा असर हाय, मशीनमंधी शून्य हाय. म्हणलं, असन. तरी मनातून पटत नव्हतं." शालिकरामने चादरीवरून हात फिरवला. "मंग तू आला. डोकं टेकवून रडला, म्हणे माह्या हातानं झालं. मले वाटलं, हा सोताच म्हणून राह्यला, म्हणजे माहेच डोये चुकले असतीन. कोनावर भरोसा ठेवू मी? मंग तुले माफ करून टाकलं."

खुशबू भिंतीला धरून उभी होती. एकाने आपल्या हातावरचा विश्वास सोडला होता आणि दुसऱ्याने डोळ्यांवरचा, दोघांनीही तिच्या शून्यापायी. ती माफी मागायला आली होती. पण शालिकरामची माफी एकदा चुकीच्या माणसाला देऊन झाली होती, आणि आता तिच्याच्याने ती मागवेना. ती रडली, आवाज न करता, आणि कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बरंच झालं.

देवीदास स्टुलावरून उठून खाटेच्या काठावर बसले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

"म्या मूठ वर केली," शालिकराम म्हणाला, "अन् तुहा हात मागं आला."

"अजून एकडाव सांग गा."

शालिकरामने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, आणि देवीदास डोळे पुसत ऐकत राहिले.